पंजा ताण!

‘दर शनिवारी सकाळी तू फोन काऊन उचलत नाहीस?’ असं आईनं विचारलं की मी सांगायचो, ‘योगा क्लास असतो.’ सव्वा वर्ष हेच चाललं. खरं तर त्या वेळी मी पुण्यातल्या एका डान्स स्कूलच्या हॉलमध्ये लोखंडी पाइप एका हातानं धरून उभा असायचो. पाठ ताठ ठेवून, गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवत हळूहळू खाली जायचो आणि तितक्याच हळू वर यायचो. मी बॅले शिकत होतो. वय अठ्ठावीस, काम बॅकएंड डेव्हलपरचं, गाव अमरावती.

हॉल काही फार भारी नाही. सकाळी तिथे योगा असतो, संध्याकाळी झुंबा, रविवारी लहान मुलींचं भरतनाट्यम. शनिवारी दहा ते साडेअकरा आम्ही. नऊ जण, त्यात पुरुष दोघं. दुसरे काका बँकेतून रिटायर झालेले. कोणालाच स्टेजवर जायचं नाही. मी आलो होतो मानेमुळे. लॅपटॉपसमोर सहा वर्षं बसून मान पुढे आली होती आणि जिममध्ये मन लागत नव्हतं.

ज्या पाइपला धरून हे सगळं करतात, त्याला बॅलेत ‘बार’ म्हणतात. रूममेटला एकदा खरं सांगून टाकलं, ‘शनिवारी सकाळी बारवर असतो.’ तो म्हणाला, ‘भावा, दहा वाजताच?’

हसलो आम्ही. पण घरी मात्र सांगता येत नव्हतं. का येत नव्हतं, ते शोधता शोधता मी १९३६ सालच्या बर्लिनला जाऊन पोचलो.

एकच सूचना, दोनदा

पहिल्याच क्लासमध्ये मॅडमनी पाय पुढे सरकवायला लावला आणि ओरडल्या, ‘पॉइंट!’ म्हणजे पायाची बोटं ताणून पुढे काढा. माझा पाय आपोआप ताणला गेला. त्या म्हणाल्या, ‘आधी काही शिकलायस का?’

नाही म्हणालो. पण ही सूचना मी मराठीत ऐकलेली होती. आठवीच्या उन्हाळी शिबिरात, सकाळी साडेपाचला, तेल लावलेल्या मल्लखांबावर लटकलेला असताना खालून आवाज यायचा, ‘पंजा ताण!’ मल्लखांबात पाय ढिला सोडला की आसन कितीही अवघड असो, दिसायला ते बावळट दिसतं. बॅलेतही तेच. शरीराची रेष बोटांच्या टोकापर्यंत जायला हवी.

मग एका गोष्टीला आमच्याकडे ‘व्यायाम’ म्हणतात आणि दुसरी मला लपवावी लागते, हे कसं?

अमरावतीचं बर्लिन

अमरावतीत वाढलेल्या पोराला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वेगळं सांगावं लागत नाही. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते सुरू केलं. काळ गुलामीचा होता. आखाडा म्हणजे फक्त दंड-बैठका नव्हत्या, आपण दुबळे नाही हे सांगायची ती जागा होती. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, हुतूतू हे सगळं एका छताखाली आलं.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिम्पिक झालं. त्याच निमित्तानं मंडळाचं पथक तिथे गेलं आणि भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं करून आलं. जिला आपण आज कबड्डी म्हणतो ती तेव्हा परदेशी प्रेक्षकांसमोर आली. आशियाई स्पर्धेत तिला पदकाचा खेळ व्हायला १९९० उजाडलं. म्हणजे अमरावतीची पोरं चोपन्न वर्षं आधी तिथे पोचली होती.

ही गोष्ट मी बाबांकडून लहानपणी इतक्यांदा ऐकली आहे की जणू तेच बोटीनं जाऊन आले. बाबांनी तरुणपणी मल्लखांब केला आहे. त्यांच्यासाठी त्या वर्षीच्या बर्लिनमध्ये दोनच गोष्टी घडल्या. ध्यानचंदच्या संघानं जर्मनीला ८-१ हरवलं आणि आपल्या गावानं मल्लखांब दाखवला.

तिसरी गोष्ट मला बॅलेचा भारतातला इतिहास शोधताना सापडली.

त्याच उन्हाळ्यातली मेनका

ऑलिम्पिकच्या जरा आधी, १९३६ च्या जुलैमध्ये, बर्लिनमध्येच एक आंतरराष्ट्रीय नृत्यमहोत्सव भरला होता. त्यात भारतातून गेलेला एक संच नाचला आणि गाजला. संच मुंबईचा, नाव ‘मेनका इंडियन बॅले’.

मेनका म्हणजे लीला रॉय. जन्म १८९९, आता बांगलादेशात असलेल्या बारिसालचा. लग्नानंतर लीला सोखी. नवरा साहिबसिंग सोखी हे लष्करी डॉक्टर, पुढे परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक. प्लेगच्या लशीसाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेच्या संचालकांची बायको स्टेजवर नाचते, हे त्या काळात केवढं असेल याचा विचार करा. बाईंनी सीताराम मिश्र, अच्छन महाराज, लच्छू महाराज अशा गुरूंकडून कथक घेतलं आणि त्यात गोष्ट, गट आणि वेशभूषा बसवून तासाभराचे प्रयोग उभे केले. ‘देव विजय नृत्य’ आणि ‘मालविकाग्निमित्रम्’ ही त्यांतली दोन नावं.

आता हा बॅले माझ्या शनिवारच्या क्लाससारखा नव्हता. पायात घुंगरू होते, साथीला सरोद आणि तबला. पण ‘बॅले’ हा शब्द उगाच घेतलेला नव्हता. रशियन नर्तिका ॲना पावलोव्हा १९२० च्या दशकात भारतात येऊन गेली होती. १९२३ मध्ये तिनं लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये उदय शंकर या तरुण चित्रकाराला सोबत घेऊन राधा-कृष्णाचा नाच बसवला होता. चित्रकला शिकायला गेलेला तो मुलगा मग नर्तकच झाला. नाच ही पूर्ण संध्याकाळ भरेल अशी रंगमंचीय कला असू शकते, ही कल्पना या वाटेनं आपल्याकडे आली. पुढे मुंबईत १९५२ मध्ये शांती बर्धन यांचा लिटल बॅले ट्रूप उभा राहिला आणि १९५३ मध्ये सचिन शंकर यांचं युनिट. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत ‘बॅले’ म्हटलं की गुलाबी शूज नाही, तर ‘रामायण’ आठवायचं ते त्यामुळे.

मेनकांच्या संचात दमयंती जोशी नावाची एक मराठी मुलगी होती. जन्म १९२८, मुंबईचा. मेनकांनी तिला लेकीसारखं वाढवलं. दहा वर्षांची असेल-नसेल, तेव्हाच ती त्यांच्याबरोबर युरोप फिरली. युरोपहून परतल्यावर मेनकांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. पुण्याहून मुंबईला जाताना आपण चिक्कीसाठी गाडी थांबवतो, त्याच घाटात. १९४७ मध्ये मेनका गेल्या. दमयंती जोशी पुढे कथकच्या मोठ्या नर्तिका झाल्या, १९७० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, आपल्याकडची दोन पथकं शरीर दाखवायला गेली होती. एकाला आपण व्यायाम म्हटलं, दुसऱ्याला नाच. पहिल्याची गोष्ट माझ्या घरात तोंडपाठ आहे. दुसरीचं नाव मी अठ्ठाविसाव्या वर्षी वाचलं.

ज्यांनी नकार दिला

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा नुसता अभिमानाचा लेख होईल. त्या उन्हाळ्यात बर्लिनवर स्वस्तिकाचे झेंडे होते. नृत्यमहोत्सव गोबेल्सच्या खात्याच्या आशीर्वादानं भरला होता. आयोजनात पुढे असलेला रुडॉल्फ लाबान हा नृत्यकार. त्यानं हजारेक लोकांना घेऊन बसवलेला प्रयोग गोबेल्सनं रंगीत तालमीनंतर बंद पाडला. अमेरिकेच्या मार्था ग्रॅहमलाही बोलावणं होतं. तिनं नकार दिला. माझ्या कित्येक कलाकार मित्रांचा जिथे छळ झाला आणि माझ्या संचातल्या ज्यू मुलींना जिथे मान नाही, तिथे मी नाचणार नाही, अशी तिची भूमिका होती.

आपली दोन्ही पथकं गेली. गुलाम देशातल्या माणसाला जगासमोर उभं राहायची संधी किती मोठी वाटली असेल, हे मला समजतं. पण ताठ पाठ, ताणलेला पंजा आणि एका लयीत हलणारे हजार देह कोणाच्या कामाला येतात, हा प्रश्नही तिथूनच माझ्यासोबत आला. तो व्यायामाला लागू आहे आणि नाचालाही.

‘नाच्या’

आता माझ्या लपवण्याकडे येतो.

सहावीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी नाचलो होतो. चांगला नाचलो होतो, असं आठवतं. घरी आल्यावर एक नातेवाईक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘नाच्या झालं का हे पोट्टं?’ सगळे हसले. बाबा हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. पुढच्या वर्षी मी नाव दिलं नाही. त्यानंतर शिबिर आलं, मल्लखांब आला.

‘नाच्या’ ही शिवी कधी झाली? तमाशात नाच्या हा कामाचा माणूस असायचा. बाई स्टेजवर येत नव्हती तेव्हा तोच नाचायचा. आपल्या विदर्भात दंडार आणि खडी गंमत याच बळावर चालली. संगीत नाटकात बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या तर घराघरातल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या. तिथे मान मिळाला आणि गावच्या फडावर तेच करणाऱ्याला टोमणा. फरक नाचात नव्हता. नाचणारा कोणत्या जातीचा, बघणारा कोणत्या वाड्यातला आणि तिकीट किती, यात होता.

मेनकांच्या गोष्टीलाही हीच दुसरी बाजू आहे. चांगल्या घरची बाई नाचू लागली आणि नाच ‘कला’ झाला. पण ज्या कलावंतिणींनी तो पिढ्यानपिढ्या सांभाळला, त्यांना त्या प्रतिष्ठेत वाटा मिळाला नाही.

आणि बॅले? ‘ते तर पोरींचं’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. १६५३ मध्ये फ्रान्सचा चौदावा लुई, वय चौदा, सूर्य बनून बॅलेत नाचला. त्यावरूनच पुढे तो ‘सूर्यराजा’. १६६१ मध्ये त्यानं नृत्याची अकादमी काढली. आम्ही शनिवारी ज्या पाच पोझिशनांनी सुरुवात करतो, त्या त्याच्या दरबारातल्या पिएर बोशाँनं पक्क्या केल्या. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक नर्तिका आल्या त्या १६८१ मध्ये. तोपर्यंत तिथल्या स्टेजवर बायकांची कामंही पुरुषच करत, म्हणजे थेट आपल्या संगीत नाटकासारखं. मग १८३२ मध्ये मारी तालिओनी पायाच्या टोकावर नाचली आणि काटा उलटा फिरला. १८७० च्या ‘कॉपेलिया’त नायकाचं कामही बाईनंच केलं. म्हणजे बॅले बाईचा की पुरुषाचा, याचं उत्तर दर शंभर-दोनशे वर्षांनी बदलत आलं आहे.

आपल्या मुंबईतही ते बदललं. तुष्णा डल्लास यांनी १९६६ मध्ये तिथे शास्त्रीय बॅलेची शाळा सुरू केली. पुढे येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन गुरूंकडे मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह ही दोन पोरं शिकली. एकाचे वडील टॅक्सी चालवायचे, दुसऱ्याचे वेल्डिंग करायचे. अमिरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. सूनी तारापोरवालांचा २०२० मधला ‘ये बॅले’ हा सिनेमा त्यांच्यावरूनच आहे. त्या दोघांपुढे माझं लपवणं मला फार लहान वाटलं.

बाबांची बैठक

मे महिन्यात रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं घरी गेलो. दुपारी कूलरसमोर बाबा पेपर वाचत होते. मी म्हणालो, ‘बाबा, तुमच्या बर्लिनमधी अजून एक पथक होतं, मालूम हाय का?’ आणि मेनकांची गोष्ट सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकली. मग विचारलं, ‘तुले हे कुठून मालूम पडलं?’

मी सांगून टाकलं. योगा नाही, बॅले.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मग ते म्हणाले, ‘करून दाखव.’

खुर्चीची पाठ धरून मी प्लिए केला. म्हणजे टाचा जुळवून, पंजे बाहेर, पाठ सरळ, आणि खाली. खूप खाली गेलं की टाचा उचलल्या जातात. बाबा म्हणाले, ‘हे तर बैठक हाय.’ आणि सत्तरी जवळ आलेला तो माणूस उठला, त्यानं हात पुढे काढले, टाचा उचलल्या आणि एक बैठक मारली. गुडघा कटकन वाजला.

‘फरक हाय,’ मी म्हणालो. ‘तुमचे गुडघे समोर जातात, माझे बाजूले.’

‘हो. पण माझी पाठ पुढे जाते. तुही सरळ रायली.’ ते परत बसले. जरा वेळानं पेपरमधूनच म्हणाले, ‘त्या दिवशी मी बोलाले पायजे होतं.’

कोणता दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

संध्याकाळी अंगणात मी पाय पुढे सरकवायचा सराव करत होतो. आतून आवाज आला.

‘पंजा ताण!’