कंपास पेटीच्या झाकणावरचे नाव

स्मरणिकेसाठी जुने फोटो जमवायला लागलो तेव्हा कळले, की आपल्या वर्गाचा धड म्हणावा असा एकच फोटो आहे, १९७५ च्या निरोप समारंभाचा. त्या काळी कॅमेरा कुणाच्या घरी होता? म्हणून मी सगळ्यांना निरोप धाडला: फोटो नसेल तर शाळेच्या दिवसांतली एखादी बारीकसारीक वस्तू पाठवा, तिचाच फोटो काढू.

वस्तू आल्या त्या सगळ्या मुठीत मावणाऱ्या. पेनची निब, रिबिनीचा तुकडा, खिशाला लावायचा बिल्ला, नाणी, एक तिकीट लावलेले पाकीट. जेवणाच्या टेबलावर काळे कापड अंथरले, शेजारी फूटपट्टी ठेवली आणि एका बाजूने टॉर्च धरला. बारीक वस्तूचा फोटो काढताना समोरून प्रकाश टाकला तर सगळे सपाट दिसते. तोच प्रकाश अगदी खालून, तिरका आला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि झिजलेली अक्षरेही वाचता येतात.

नाण्यांनी आधी आमच्या आठवणी तपासल्या. एका मैत्रिणीने पिवळे, कमळाचे २० पैसे पाठवले होते, 'पहिलीतले बक्षीस' म्हणून. पण आपण पहिलीत गेलो १९६५ साली आणि ते नाणे निघाले १९६८ मध्ये. म्हणजे बक्षीस निदान चौथीतले! दुसऱ्या एका नाण्यावर 'नया पैसा' अशी अक्षरे होती. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले, तेव्हा जुन्या पैशाशी गल्लत नको म्हणून 'नया' हा शब्द आला. १ जून १९६४ ला तो अधिकृतपणे गेलाही. आपण शाळेत आलो तेव्हा तो कागदोपत्री संपला होता, तरी आपल्या तोंडी 'नवे पैसे' होते आणि घरी वडील २५ पैशांना चार आणेच म्हणत.

पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे आणखी एक तिकीट होते. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत हे जादा तिकीट लावावे लागे. तेव्हा आपण सातवी-आठवीत. युद्धाच्या बातम्या रेडिओवर ऐकल्याचे सगळ्यांना आठवते. घरच्या प्रत्येक पाकिटामागे आपणही पाच पैसे देत होतो, हे मात्र कुणाला आठवत नव्हते.

सगळ्यात शेवटी मी माझी स्वतःची कंपास पेटी घेतली. कर्कटक गंजलेले, कोनमापक पिवळा पडलेला, एक गुण्या हरवलेला. झाकणाच्या आतल्या बाजूला कर्कटकाच्या टोकाने कोरलेले माझे नाव. टॉर्च तिरका केला आणि माझ्या नावाखालून दुसरे नाव वर आले.

ते मी विसरलो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. आठवायचे टाळले होते. १९७२ साली पाऊस गेला. आठवीची दिवाळीची सुट्टी संपल्यावर माझ्या बाकावरचा सोबती आठवडाभरच शाळेत आला. मग एका संध्याकाळी घरी येऊन त्याने ही पेटी मला दीड रुपयाला दिली. मी विटेच्या तुकड्याने त्याचे नाव घासले आणि वर माझे कोरले. पत्र्यावरचे खोल ओरखडे काही पुरते गेले नाहीत.

त्या हिवाळ्यात तो आई-वडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होता. शाळेमागून जाणारा रस्ता त्याच कामातला. रेशनवरचा तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी आपल्यापैकी अनेकांना आठवते, पण बहुतेकदा गमतीची आठवण म्हणून. त्या दुष्काळातल्या अनुभवातूनच १९७७ साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. मी तो पुढे पुस्तकात वाचला. सोबत्याने त्याच्या आधीची खडी हाताने फोडली होती.

पेटीचा फोटो पाहून मी मेळाव्याची निमंत्रणाची यादी काढली. त्याचे नाव नव्हते. असणार तरी कसे? यादी आपण दहावीच्या निकालावरून केली होती. मुख्याध्यापक बाईंच्या परवानगीने शाळेचे जनरल रजिस्टर पाहिले. त्यात दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची ओळ असते, शाळा सोडल्याची तारीख असते आणि कारणाचा रकानाही असतो. त्याच्या ओळीत दोनच शब्द आहेत: 'घरगुती अडचण'. त्या वर्षी गेलेला तो एकटा नव्हता. त्यात मुलीही आहेत. निरोपाच्या फोटोत आपण दाटीवाटीने उभे आहोत, म्हणून कुणी कमी आहे असे कधी वाटलेच नाही.

शोधत शोधत त्याचा फोन मिळाला. पेटीचे सांगितले. थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "दीड रुपया दिलास ना? मग पेटी तुझीच." मी म्हटले, फोटो छापतोय, तुझे नाव खाली घालू का? तो म्हणाला, "आधी येऊन बघतो. मग ठरवू."

म्हणून पुढच्या पानावरच्या फोटोखाली नाव घातलेले नाही. त्याला आणि रजिस्टरातल्या इतरांना निमंत्रणे गेली आहेत, पण काहींचे पत्ते अजून मिळालेले नाहीत. आपल्या बाकावर आठवीपर्यंत कोण बसायचे, हे प्रत्येकाने एकदा आठवून पाहावे आणि ठावठिकाणा ठाऊक असेल तर समितीला कळवावे. घरी जुन्या डब्याडुब्यांत काही सापडले तर तेही घेऊन या. टॉर्च आणि काळे कापड मी आणतो.