संशोधनाची वाट आणि वाटेवरील टप्पे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या कार्याला साजेल असा विषय कोणता घ्यावा, याचा विचार करताना एक गोष्ट मनात आली. वही तपासणे हा शाळेतल्या शिक्षकाचा नित्यधर्म होय. आणि संशोधक विद्यार्थ्याच्या प्रगतीची पाहणी हे त्याच धर्माचे वरच्या पायरीवरील रूप आहे. शाळेत ही पाहणी रोज होते. विद्यापीठात ती सहा महिन्यांनी व्हावी अशी अपेक्षा असते, आणि कधी कधी ती केवळ कागदावर होते. आपल्या ग्वाल्हेरच्या परिसरात गेल्या शंभर वर्षांत या पाहणीने कोणकोणती रूपे घेतली, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. विषय कारकुनी वाटेल. परंतु माणसांची उमेदीची वर्षे त्यावर अवलंबून असतात.

प्रबंध लिहून पदवी मिळविण्याची प्रथा आपल्याकडे फार जुनी नाही. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली, ती परीक्षा घेण्यापुरती. १९०४ च्या कायद्याने त्यांना अध्यापन आणि संशोधन यांची वाट मोकळी झाली. जर्मनीत रुजलेली ही पदवी ऑक्सफर्डनेदेखील १९१७ मध्ये स्वीकारली. मराठीपुरते बोलायचे तर माधवराव पटवर्धनांचा, म्हणजेच कवी माधव जूलियन यांचा दाखला ठळक आहे. त्यांची ‘छंदोरचना’ १९२७ मध्ये निघाली, दहा वर्षांनी ती विस्तारून पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्या ग्रंथासाठी त्यांना डी. लिट. दिली. पूर्ण झालेल्या ग्रंथाला पदवी देण्याचा तो काळ होता. मधल्या वाटचालीचा हिशेब विद्यापीठ मागत नसे. तो ज्याचा त्याने ठेवावयाचा असे.

असा हिशेब चोख ठेवणारे एक गृहस्थ आपल्या गावातच होऊन गेले. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांचे नाव गुजरी महालातील वस्तुसंग्रहालयामुळे अनेकांना ठाऊक असेल. प्राचीन पद्मावती म्हणजे आजचे पवाया, तेथील उत्खनन आणि बाघच्या लेण्यांची जपणूक ही त्यांच्या खात्याची कामे. मला मात्र त्यांचे वार्षिक अहवाल अधिक मोलाचे वाटतात. वर्षभरात कोणती स्थळे पाहिली, कोणते शिलालेख तपासले, कोणती छायाचित्रे घेतली, याच्या याद्या त्यांत आहेत. येथे पदवीचा प्रश्न नव्हता. तरीही आज एखाद्या विद्यार्थ्याने ते अहवाल उघडले, तर कोणता लेख केव्हा हाती आला, हे त्याला कळते. नोंद अशी असावी की तिच्यावरून पुढच्या माणसाला काम उचलता यावे. याला मी दप्तराची पाहणी म्हणतो.

दुसरी पद्धत पत्रांची. माळव्यातील सीतामऊ संस्थानचे महाराजकुमार रघुबीरसिंह यांना आग्रा विद्यापीठाने १९३६ मध्ये डी. लिट. दिली. माळव्यातील मोगल सत्तेचा ऱ्हास आणि मराठ्यांचा प्रवेश हा त्यांच्या ग्रंथाचा विषय, म्हणजे आपल्या शिंदेशाहीच्या पूर्वपीठिकेचाच. त्यांचे मार्गदर्शक जदुनाथ सरकार. स्वतः सरकारांच्या मागे प्रबंध लिहून मिळविलेली पीएच. डी. नव्हती, परंतु शिष्याचे काम कसे पाहावे, याचा वस्तुपाठ त्यांच्या पत्रांत आहे. ती पत्रे श्री. रा. टिकेकर यांनी संपादित केली आणि १९७५ मध्ये महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाने ती प्रसिद्ध केली. एक मराठी संपादक, एक बंगाली गुरू आणि एक माळवी शिष्य असा तो योग आहे. सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांच्यातील दीर्घ पत्रव्यवहारही त्याच वळणाचा. येथे पाहणी म्हणजे वाचन: शिष्याने साधने जमवायची, लिहायचे, आणि गुरूने ते खरोखर वाचून उत्तर द्यायचे.

परंतु एक गोष्ट विसरू नये. रघुबीरसिंह राजपुत्र होते. ग्रंथ विकत घेणे, हस्तलिखितांच्या नकला करविणे त्यांना शक्य होते. ज्याच्यापाशी असा पैसा नाही आणि थोरामोठ्यांची ओळखही नाही, त्या विद्यार्थ्याचे काय? या प्रश्नातूनच नियमांची गरज निर्माण झाली.

१९२७ मध्ये आग्रा विद्यापीठ निघाले आणि येथले व्हिक्टोरिया महाविद्यालय, म्हणजे आजचे महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय, त्याच्या छत्राखाली आले. १९५७ मध्ये उज्जैनचे विक्रम विद्यापीठ आणि १९६४ मध्ये आपले जिवाजी विद्यापीठ सुरू झाले. विद्यापीठ घराजवळ आले, तशी पीएच. डी. सामान्य घरांतील मुलामुलींच्या आटोक्यात आली. नोंदणी, विषयाची रूपरेषा, मार्गदर्शक, सहामाही प्रगती-अहवाल हे शब्द लष्करातल्या वाड्यांतूनही ऐकू येऊ लागले. मराठीच्या विद्यार्थ्याची अडचण थोडी वेगळी होती. हिंदी मुलखात मराठीचे मार्गदर्शक मोजकेच. तेव्हा मार्गदर्शक परगावी आणि विद्यार्थी येथे, असे अनेकदा घडे.

अशाच एका विद्यार्थिनीची हकीकत मी जवळून पाहिली आहे. व्यक्ती आणि संस्था यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. ती प्राथमिक शाळेत शिकवीत असे. शिंदेशाहीतील मोडी पत्रांच्या भाषेवर तिने काम आरंभिले होते. तीन प्रकरणे तिने परगावच्या मार्गदर्शकांकडे पाठविली. ती दोन वर्षांहून अधिक काळ तशीच पडून राहिली. त्याच काळात दर सहा महिन्यांनी तिच्या अहवालावर ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा पडत होता आणि खाली सही होत होती. मुदत संपली आणि नोंदणी रद्द झाली. दप्तराच्या दृष्टीने तिची प्रगती शेवटच्या दिवसापर्यंत समाधानकारक होती! तिच्या उताऱ्यांच्या वह्या आजही कपाटात आहेत. तिच्या कामात उणिवा असतीलही. पण त्या तिला कोणी सांगितल्या नाहीत. अपयशाचे कारण कळणे हादेखील विद्यार्थ्याचा हक्क आहे.

ही हकीकत २००९ पूर्वीची. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच. डी.साठी किमान दर्जाचे नियम केले. प्रवेशपरीक्षा, निदान एका सत्राचा अभ्यासक्रम, प्रबंध सादर करण्यापूर्वी सर्वांसमक्ष निवेदन आणि एक प्रसिद्ध शोधनिबंध असे टप्पे ठरले. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती आणली. तिच्यापुढे त्याने सहा महिन्यांतून एकदा काम मांडावयाचे. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार, यांहून अधिक पीएच. डी.चे विद्यार्थी नसावेत, असे बंधन आले. स्त्रियांना मुदतीत दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपनाची रजा मिळाली. विवाहामुळे गाव बदलणाऱ्या विद्यार्थिनीला आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येईल, अशी तरतूदही झाली. ग्वाल्हेरच्या मुली पुण्या-इंदूरला सासरी जातात. त्यांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

२०२२ च्या नियमांनी शोधनिबंधाची सक्ती काढली. ते योग्यच झाले. कारण त्या सक्तीच्या आश्रयाने पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके उगवली होती. टप्पा ओलांडल्याची खूण बाजारात विकत मिळू लागली, की तो टप्पा राहत नाही. समितीने आता प्रत्येक सत्रात काम पाहावयाचे आहे. प्रगती समाधानकारक नसेल तर कारणे लिहून सुधारणेचे उपाय सुचवावयाचे आहेत, आणि अहवालाची प्रत विद्यार्थ्यालाही द्यावयाची आहे. कारण लिहिणे आणि प्रत देणे, या दोन गोष्टी त्या विद्यार्थिनीच्या वेळी असत्या, तर पहिल्याच वर्षी तिला आपली स्थिती उमगली असती.

काही विद्वान मित्र म्हणतात की, मानव्यविद्यांचे संशोधन सहामाहीच्या मापाने मोजता येत नाही. त्यात तथ्य आहे. मोडी वाचू लागणाऱ्याचे पहिले सहा महिने लिहिलेल्या पानांत दिसत नाहीत. पण यावर उपाय पाहणी सोडून देणे हा नव्हे. पाहणारांनी योग्य प्रश्न विचारावेत, हा आहे. या सहा महिन्यांत काय वाचले? त्यामुळे मूळ प्रश्न कोठे बदलला? आणि कोठे अडले आहे? या तिन्हींची उत्तरे ऐकून समितीने शेरा लिहिला, तर गर्द्यांची नोंद आणि सरकारांचे वाचन एकत्र येतील. नोंदीविना वाचन गुरूच्या मर्जीवर राहते. वाचनाविना नोंद हा निव्वळ शिक्का होतो. शंभर वर्षांच्या या वाटचालीतून मी एवढाच निष्कर्ष काढतो.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज मार्गदर्शक असतील, कोणी संशोधन करीत असतील. मार्गदर्शकांना माझी विनंती अशी की, प्रकरण वाचल्याखेरीज अहवालावर सही करू नये. आणि संशोधकांना सांगणे असे की, अहवालाची प्रत मागून घ्यावी, तीत लिहिलेले कारण वाचावे, आणि ते पटले नाही तर नम्रपणे लेखी उत्तर द्यावे. प्रत मागण्यात गुरूचा अवमान नाही. आपल्या शाळेत तपासलेली वही मुलाच्या हाती परत देण्याची रीत आहे. विद्यापीठानेही ती पाळावी, एवढेच आपले मागणे आहे.