ओली जखम, हिरवी खूण

मराठीत आपण गोंदणं म्हणतो, हिंदीत गोदना, गुजरातीत छूंदणां. तिन्ही शब्दांत टोचणं आहे. सुई कातडीत शिरते तो क्षण या भाषांनी पकडला आहे. तमिळमध्ये मात्र ‘पच्चै कुत्तुदल’ म्हणतात. त्यात ‘कुत्तुदल’ म्हणजे टोचणं आणि ‘पच्चै’ म्हणजे हिरवं. तेलुगूतल्या ‘पच्चबोट्टु’त तर टोचणंही उरलेलं नाही, उरला आहे फक्त हिरवा ठिपका. सुई टोचताना हिरवं काहीच नसतं. असतं ते काजळ आणि रक्त. हिरवेपणा येतो सूज उतरल्यावर, खपली पडल्यावर, वर नवी कातडी आल्यावर. म्हणजे एका शब्दाने जखमेचा पहिला दिवस धरला आहे आणि दुसऱ्याने तिसरा आठवडा. गंमत अशी की ‘पच्चै’चा आणखी एक अर्थ कच्चं, ताजं असाही होतो. मराठीत आपण ताज्या जखमेला ‘ओली’ म्हणतो, त्याच्या बराच जवळ जाणारा.

या दोन दिवसांच्या मधला काळ मला महत्त्वाचा वाटतो. गोंदण्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक सगळं नक्षीवर: तुळस कुठे, विंचू कुठे, सीतेची पावलं कोणत्या जातीत, कपाळावरच्या ठिपक्याचा अर्थ काय. गोंदून झाल्यावर त्या हाताचं काय केलं, तो कोणी धुतला, त्याला काय लावलं, किती दिवस जपला, हे शोधायला गेलं तर हाती एखादं वाक्य लागतं. तेही बहुधा परिच्छेदाच्या शेवटी, जाता जाता लिहिलेलं.

असं एक वाक्य एडगर थर्स्टन यांच्या ग्रंथात आहे. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक असलेल्या थर्स्टननी के. रंगाचारी यांच्या साहाय्याने १९०९ साली दक्षिण भारतातल्या जातीजमातींवर सात खंड प्रसिद्ध केले. त्यात कोरवा बायकांच्या गोंदण्याचं वर्णन येतं. हळद आणि हादग्याचा पाला वाटून फडक्यावर पसरायचा, त्याची वात वळायची, एरंडेलाच्या दिव्यात ती जाळायची आणि वर नवं मडकं उपडं घालून आत धरलेलं काजळ खरवडून घ्यायचं. ते काजळ पाण्यात किंवा बाईच्या दुधात कालवायचं. टोचून घेणाऱ्या मुलीने रडू नये म्हणून गोंदणारी गाणी म्हणत राहायची. शेवटी जागा थंड पाण्याने धुवायची आणि वर हळद चोळायची. का, तर रंग खुलावा आणि सूज येऊ नये म्हणून.

एवढंच. पण या एका ओळीत दोन कारणं आहेत, एक रूपाचं आणि एक आरोग्याचं, आणि त्यांच्यात फरक केलेला नाही. गोंदणाऱ्या बाईला तो करायची गरजही नव्हती. चिघळलेल्या हातावर नक्षी नीट उठत नाही. जखम नीट भरणं हाच तिच्या कामाचा शेवटचा भाग होता. गिऱ्हाइकाचं गोंदण बिघडलं तर पुढल्या जत्रेत त्या गावात तिला कोणी हात दिला नसता.

यामागे शरीराचं काय चालतं ते आज आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. सुई वरची कातडी भेदून साधारण एक-दोन मिलिमीटर खाली, आतल्या थरात रंग सोडते. वरच्या थराच्या पेशी सतत झडत असतात. रंग तिथेच राहिला असता तर महिनाभरात नाहीसा झाला असता. आत गेलेल्या काजळाला शरीर परकं समजतं आणि ते गिळून टाकायला पेशी धावतात. त्यांना ते पचवता येत नाही. त्या ते पोटात घेऊन जागच्या जागी बसतात आणि तीच आपली नक्षी. काही कण लसिकाग्रंथींपर्यंतही पोचतात. वर मात्र नेहमीसारखी दुरुस्ती चालू असते: लाली, सूज, पाझर, खपली, खाज, मग दोन-तीन आठवड्यांत नवी, चकचकीत, पातळ कातडी. काळं काजळ या कातडीतून निळसर-हिरवं दिसतं, कारण कातडीतून परत येणाऱ्या प्रकाशात निळ्याचा वाटा जास्त असतो. तमिळ आणि तेलुगू शब्दांनी टिपलेला हिरवा रंग हा असा, काजळाचा आणि बऱ्या झालेल्या कातडीचा मिळून.

साहेबांच्या टिपणवह्यांची वाट न पाहता हे घराघरांत कसं सांभाळलं जाई, याची एक ऐकीव नोंद माझ्याकडे आहे. माझ्या आजीच्या डाव्या हातावर तुळशीवृंदावन होतं. ती नऊ वर्षांची असताना जत्रेत गोंदलेलं. दुखलं किती, हे ती कधी सांगत नसे. सांगायची ते पुढचं. आठ दिवस तिला राखेने भांडी घासू दिली नाहीत, शेणात हात घालू दिला नाही, उन्हात पाठवलं नाही. थोरल्या बहिणीने तिच्या वाटणीची भांडी घासली आणि त्याचे टोमणे पुढे साठ वर्षं मारले. रोज रात्री आई खोबरेल आणि हळद लावायची. आजच्या भाषेत हे सगळं जखमेची निगा या सदरात मोडतं. पण त्यात एक हिशेबही आहे. हात बरा व्हायला विश्रांती लागते आणि एकीला विश्रांती मिळते तेव्हा तिचं काम दुसरीच्या अंगावर पडतं. तुळशीवृंदावन आजीच्या हातावर उठलं, त्यात बहिणीच्या आठ दिवसांच्या भांड्यांचा वाटा होता.

ज्या गोंदणाची निगा कोणी राखायची नव्हती, तेही आपल्या इतिहासात आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९७ साली बंगालमध्ये कायदा करून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायची शिक्षा रूढ केली. इंग्रजी कागदपत्रांत तिचं नाव ‘गोदना’ असंच येतं. घरात, जत्रेत, गाण्यासकट ऐकू येणारा शब्द सरकारी दप्तरात शिक्षेचं नाव होऊन बसला. १८४९ साली ही शिक्षा रद्द झाली. इतिहासकार क्लेअर अँडरसन यांनी या नोंदींवर सविस्तर काम केलं आहे. कैदी फेटा खाली ओढून किंवा केस वाढवून ही अक्षरं झाकत. सुई तीच, काजळ तेच, कातडी भरून येण्याची रीतही तीच. फरक एवढाच की एका जखमेवर हळद लावणारं कोणी होतं आणि दुसरीवर नव्हतं. ‘गोदना’चा अनुवाद करताना मी म्हणूनच दर वेळी थांबते. वाक्य घरातलं आहे की तुरुंगातलं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जुन्या निगेचं कौतुक करताना तिची मर्यादाही सांगायला हवी. हळदीने सूज आटोक्यात राहत असेल, पण हळद सुई निर्जंतुक करत नाही. जत्रेत एकच सुई, नंतरच्या काळात एकच बॅटरीवरचं यंत्र, डझनावारी हातांवरून फिरायचं. रक्तातून पसरणाऱ्या आजारांना याहून सोपी वाट नाही. न्यू यॉर्क शहराने १९६१ साली काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या, भीतीने गोंदण्याच्या दुकानांवर बंदी घातली. ती उठायला १९९७ साल उजाडलं. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं पेटंट सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ साली याच शहरात घेतलं होतं. आपल्याकडे आजही रक्तदानाच्या नियमांप्रमाणे गोंदून घेतल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही. हा नियम गोंदणाचा अपमान नाही, सुईचा इतिहास आहे.

बंदीच्या दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, जॉर्ज विंटर यांचा एक छोटा निबंध ‘नेचर’मध्ये आला. डुकरांच्या अंगावर वरवरच्या जखमा करून त्यांनी काही उघड्या ठेवल्या, काही पातळ पॉलिथिनने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने चढली. तोवर जखम हवेवर ठेवावी, सुकवावी, खपली धरू द्यावी, असाच समज होता. आज टॅटू काढल्यावर हातावर जी पारदर्शक पट्टी चिकटवतात, तिचं मूळ या निबंधात आहे. आणि ‘थोडं तेल चोपडून ठेव’ म्हणणाऱ्या आयांना ही गोष्ट हाताने माहीत होती, असं म्हणायला जागा आहे.

मध्यंतरी एका टॅटूच्या दुकानासाठी असंच एक सूचनापत्रक मला इंग्रजीतून मराठीत आणायचं होतं. हात धुऊन मगच जागेला हात लावा. कोमट पाणी, सौम्य साबण. टॉवेलने पुसू नका, स्वच्छ कापडाने टिपून घ्या. बिनवासाचं मलम अगदी पातळ लावा. ओलसर ठेवा, भिजवू नका. दोन-तीन आठवडे पोहणं नाही, ऊन नाही. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला तर डॉक्टरांकडे जा. मराठीने कुठेच अडवलं नाही; ‘पुसणं’ आणि ‘टिपणं’ यांतला फरक तर इंग्रजीला दोन शब्द जोडून सांगावा लागला होता. एका ओळीवर मात्र मी हसले: ‘खपली काढू नका’. आपल्याकडे हा सल्ला भावकीतल्या जुन्या भांडणांसाठी जास्त वापरला जातो. ही भाषा जखमा जपण्यात मुरलेली आहे. चिघळणं, ठसठसणं, भरणं, सुकणं, व्रण राहणं, प्रत्येक पायरीला शब्द आहे. तमिळमध्ये जखम ‘निवते’, आणि त्याच धातूपासून सांत्वनाचा ‘आरुदल’ हा शब्द होतो.

मग एवढं सगळं भाषेत असताना ते इतिहासात का नाही? याचं उत्तर मला हळदीच्या पेटंटच्या खटल्यात दिसतं. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ही गोष्ट आपण विजयाची म्हणून सांगतो आणि ती आहेच. पण जिंकायला काय लागलं ते पाहा. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातलं तोंडी ज्ञान पुरावा म्हणून धरलं जात नव्हतं. छापलेलं काहीतरी दाखवावं लागे. सीएसआयआरने बत्तीस संदर्भ गोळा केले. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू मजकूर होता, १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला निबंध होता. कोट्यवधी घरांतल्या बायका रोज जे करत होत्या, ते त्या कचेरीच्या दृष्टीने घडलेलंच नव्हतं. कागदावर आलं आणि अनुवादित झालं, तेवढंच घडलं होतं.

माझ्या व्यवसायासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे आणि अस्वस्थ करणारीही. अनुवादक कागदावरून कागदावर नेतो. जे पहिल्या कागदावरच आलं नाही, ते त्याच्या हातून निसटतं. गोंदणाऱ्या बाईची नक्षी अभ्यासकांनी वहीत उतरवून घेतली, कारण ती दिसत होती. तिची हळद, तिचं ‘आठ दिवस शेणात हात नको’ हे वाक्य, ते ऐकून घेतलं नाही, कारण त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

२०१८ साली फ्रान्समधल्या मार्से येथील संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदून एक गोष्ट दाखवली. रंग गिळून बसलेल्या पेशी कायमच्या नसतात. त्या मरतात, रंग सांडतो आणि शेजारी आलेली नवी पेशी तो उचलून घेते. नक्षी जागची हलत नाही, पण तिला धरून ठेवणारे हात बदलत राहतात. तोंडी ज्ञान असंच टिकतं, फक्त त्याला शेजारी कोणीतरी असावं लागतं. गोंदणारी, आई, थोरली बहीण अशी ती साखळी आता बहुतेक गावांत तुटत आली आहे. अंगभर हिरवं गोंदण असलेल्या बायका अजून आपल्यात आहेत, पण त्या आता फार म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्याजवळ बसायची संधी मिळाली तर हातावर काय काढलं आहे हे विचाराच. त्यानंतर आणखी एक विचारा: गोंदल्यावर हा हात कोणी धुतला, त्याला काय लावलं, आणि त्या दिवसांत तुमचं काम कोणी केलं? उत्तर त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा. अनुवादाचं पुढे बघता येईल.