एकाच पोटची तीन भावंडं

कर्जत-खालापूर भागातून संगणक घ्यायला निघालेल्या माणसापुढे हल्ली एक जास्तीचा प्रश्न असतो: प्रोसेसर डेस्कटॉपचा घ्यावा की सर्व्हरचा? पूर्वी हा प्रश्न बँकेच्या नाहीतर कारखान्याच्या संगणक विभागातच निघायचा. आता मोठ्या कंपन्यांनी मोडीत काढलेल्या सर्व्हरमधले झिऑन प्रोसेसर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतात आणि त्यांचं नाव उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या कोंडाण्यापर्यंत पोचलं आहे. ‘सर्व्हरचा’ म्हटलं की तो जास्त ताकदीचा, वरच्या पायरीवरचा, असं सगळे धरून चालतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेली अर्धी कळायला दोघांचं कूळ तपासावं लागतं, आणि ते तपासताना आधी कळतं की दोघांचं मूळ एकच आहे.

१९९८ ची वाटणी

इंटेलकडे १९९८ साली डेशूट्स नावाने ओळखला जाणारा प्रोसेसरचा एक गाभा होता. त्या एका गाभ्यावर कंपनीने तीन गिऱ्हाइकांसाठी तीन प्रोसेसर उभे केले. घर-ऑफिससाठी पेंटियम टू होता. एप्रिलमध्ये स्वस्तातला सेलेरॉन आला. जूनअखेरीस सर्व्हरसाठी पेंटियम टू झिऑन आला. गणित करणारा भाग तिघांतही तोच होता. फरक होता कॅशचा, म्हणजे मुख्य मेमरीपर्यंत सारखं जावं लागू नये म्हणून प्रोसेसरलगत ठेवलेल्या छोट्या, चपळ मेमरीचा. पेंटियम टूला ५१२ किलोबाइट कॅश होती, पण ती प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालायची. पहिल्या सेलेरॉनमधून ही कॅश काढूनच टाकली होती. झिऑनची कॅश ५१२ किलोबाइट किंवा एक मेगाबाइट होती आणि ती पूर्ण वेगाने चालायची. शिवाय एका बोर्डावर चार झिऑन बसवता येत.

ही वाटणी लहरीखातर झाली नव्हती. पत्र टाइप करणाऱ्या एका माणसाला प्रोसेसर पुरून उरतो. पण शंभर खिडक्यांवरून एकदम खाती उघडली जात असतील, तर दर क्षणी वेगळ्याच खात्याची माहिती लागते. मग मेमरीची वाट पाहण्यातच प्रोसेसरचा वेळ जातो. मोठी आणि जलद कॅश ही वाट कमी करते. सर्व्हरचं गिऱ्हाईक याच गोष्टीसाठी जास्त पैसे मोजायला तयार होतं.

इंटेलला हा धडा तीन वर्षं आधी मिळाला होता. नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेल्या पेंटियम प्रोमध्ये प्रोसेसर आणि कॅश एकाच आवरणात शेजारी-शेजारी बसवली होती. त्यामुळे कॅश पूर्ण वेगाने चालायची, पण दोन्ही तुकडे निर्दोष निघाले तरच माल विकता यायचा, म्हणून किंमत चढायची. त्यातच विंडोज ९५ मध्ये बरीचशी जुनी १६ बिटांची आज्ञावली शिल्लक होती आणि तिच्यावर पेंटियम प्रो फारसा चमकला नाही. घरगुती गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. उलट अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेसाठी हजारो पेंटियम प्रो जोडून बांधलेल्या आस्की रेड या महासंगणकाने १९९६ च्या डिसेंबरात सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडींचा टप्पा ओलांडला. तोवर कुणा संगणकाला ते जमलं नव्हतं. एकच प्रोसेसर एका घरी नापास झाला आणि दुसऱ्या घरी पहिला आला. झिऑन हे वेगळं नाव या अनुभवातून जन्मलं.

पुण्याचा पक्ष

या कुळाची एक शाखा घाटाच्या वरच आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे कंपनीचा हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. त्यांच्या चमूने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. ट्रान्सप्युटर हा सर्व्हरचा म्हणून बनलेला नव्हता आणि डेस्कटॉपचा म्हणूनही नव्हता. शेजारच्या ट्रान्सप्युटरशी थेट बोलायला प्रत्येकाला चार जोडण्या होत्या. एकेकटा बेताचाच, पण जोडत जाण्यासाठीच घडवलेला. काम अनेकांत कसं वाटायचं, हे त्या पुणेकर चमूने या निवडीतून शिकून घेतलं. माझ्या मते महाराष्ट्रात प्रोसेसर निवडण्याचा तो सगळ्यात शहाणा निर्णय होता, कारण हातात नव्हतं त्याची हळहळ करत बसण्याऐवजी काम पाहून माल निवडला गेला.

झिऑनच्या जन्मवर्षी, १९९८ मध्ये, सी-डॅकने ‘परम १००००’ बांधला तेव्हा प्रोसेसर घेतले ते सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क. त्या काळी मोठ्या कामाला सन, आयबीएम, डिजिटल अशा कंपन्यांचे खास घडवलेले महागडे प्रोसेसर लागायचे. नऊ वर्षांत चित्र उलटलं. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात बांधलेला ‘एका’ हा महासंगणक जागतिक यादीत चौथा आणि आशियात पहिला आला. त्याने सेकंदाला ११७.९ लाख कोटी आकडेमोडी करून दाखवल्या. त्यात झिऑनचे चौदा हजारांहून जास्त कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग, होते. पुढच्याच वर्षी सी-डॅकचा ‘परम युवा’ आला, तोही झिऑनवरच.

‘एका’मधला झिऑन जरा जवळून पाहू. प्रत्येक प्रोसेसरमध्ये चार कोअर होते, पण सिलिकॉनचा तुकडा एक नव्हता. दोन-दोन कोअरचे दोन तुकडे एका आवरणात शेजारी बसवले होते. त्याच वर्षी दुकानात मिळणाऱ्या कोअर टू क्वाड या डेस्कटॉप प्रोसेसरची घडण अगदी अशीच होती आणि गाभ्याचा आराखडाही तोच. जगात चौथ्या आलेल्या यंत्राचा प्रोसेसर आणि सायबर कॅफेतल्या संगणकाचा प्रोसेसर सख्खे होते. ‘एका’चं मोठेपण होतं हजारो प्रोसेसर एकमेकांशी जलद बोलतील अशा जोडणीत, थंडाव्याच्या व्यवस्थेत आणि चुका पकडणाऱ्या मेमरीत.

नववी चिप

चुका पकडणारी मेमरी ही या कुळकथेतली सगळ्यात मोलाची वस्तू, आणि जाहिरातीत तिचं नाव सगळ्यात शेवटी येतं. बेल प्रयोगशाळेतले गणिती रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी रिलेच्या संगणकावर काम लावून जायचे. सुट्टीत देखरेखीला कुणी नसायचं. मध्येच एखादी चूक झाली की यंत्र ते काम सोडून पुढच्या कामाला लागायचं आणि सोमवारी हाती काहीच यायचं नाही. चूक झाली हे यंत्राला कळतं, तर ती कुठे झाली हे का कळू नये, या चिडीतून त्यांनी चूक शोधून तिथल्या तिथे दुरुस्त करणारी संकेतपद्धत रचली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली.

सर्व्हरची ईसीसी मेमरी याच पद्धतीच्या वंशातली आहे. माहितीच्या दर ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीचे ठेवतात. एक बिट उलटला तर तो परस्पर दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान बोंब तरी होते. डीडीआर-फोर पिढीपर्यंतच्या साध्या मेमरीच्या पट्टीवर ओळीत सहसा आठ चिप दिसतात, ईसीसीच्या पट्टीवर नऊ. ती नववी चिप तपासणीची. पट्टी हातात घेऊन कुणीही मोजून पाहावं. बिट आपोआप उलटणं ही पुस्तकी भीतीही नाही. टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी गूगलच्या सर्व्हरमधल्या मेमरीचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये चुका नोंदल्या गेल्या होत्या.

बऱ्याच वर्षांपर्यंत इंटेलने ही सोय मुख्यतः झिऑनच्या घरात ठेवली. एएमडीचा मार्ग वेगळा होता. तिच्या रायझन या डेस्कटॉप प्रोसेसरवर, बोर्ड बनवणाऱ्याने सोय दिली असेल तर ईसीसी चालते. एएमडीने कुळाचं नातंही उघडपणे वापरलं. २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या रायझनमध्ये सिलिकॉनचा एक तुकडा होता. त्याच वर्षीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरमध्ये तसलेच चार तुकडे जोडले होते. वारसा उलट्या दिशेनेही वाहिला आहे. सध्याच्या बहुतेक संगणकांत असलेली ६४ बिटांची रचना एएमडीने २००३ च्या एप्रिलमध्ये आधी ऑप्टेरॉन या सर्व्हर प्रोसेसरमध्ये आणली आणि सप्टेंबरात डेस्कटॉपला दिली.

कोंडाण्याचं काम

कोंडाण्याच्या वाटेवरल्या गावातला एक तरुण मला विचारत होता, “काका, झिऑन घेऊ की आय-फाइव्ह? झिऑनला चौदा कोअर आहेत.” त्याला कोंडाणे लेण्यातल्या चैत्यगृहाचं थ्रीडी मॉडेल करायचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं ते दर्शनी काम, घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान, तिच्या बाजूच्या नक्षीच्या पट्ट्या, मोडलेले खांब, आणि कन्हाचा शिष्य बलक याचं नाव सांगणारा लेख. पावसाळ्यात या कातळावरून पाण्याच्या धारा कोसळतात आणि दगड वर्षागणिक झिजतो. त्याची आजची अवस्था नोंदवून ठेवणं हे मोलाचं काम आहे.

अशा मॉडेलसाठी शेकडो फोटोंतून एकच बिंदू पुन्हापुन्हा ओळखून त्याची जागा ठरवावी लागते. यातलं बरंचसं काम ग्राफिक्स कार्ड करतं. उरलेल्यात काही टप्पे सगळे कोअर वापरतात, काही टप्पे एक-दोनच. त्याने ठरवलेला झिऑन ई-फाइव्ह २६८० व्ही-फोर २०१६ चा: १४ कोअर, वेग २.४ गिगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ३.३, आणि १२० वॉट. समोर डेस्कटॉपचा कोअर आय-फाइव्ह १२४००: कोअर ६ च, पण वेग ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो आणि मूळ वीजमर्यादा ६५ वॉट. नव्या गाभ्याचा एकेक कोअर इतका पुढे गेला आहे की सगळे कोअर राबवणाऱ्या कामातही सहा कोअर त्या चौदांच्या बरोबरीला येतात, आणि एक-दोन कोअरच्या टप्प्यात सरळ पुढे निघून जातात. विंडोज ११ ही इतका जुना झिऑन अधिकृतपणे स्वीकारत नाही.

जुन्या झिऑनच्या बाजूने खरं बोलायचं तर त्याचं एक बळ आहे: मेमरीचे चार मार्ग आणि मोडीतल्या सर्व्हरची स्वस्त ईसीसी मेमरी. १२८ गिगाबाइट मेमरी लागत असेल आणि खिसा हलका असेल, तर तो व्यवहार शहाणपणाचा ठरू शकतो. या मुलाच्या कामाला तेवढी मेमरी लागत नव्हती.

मी त्याला कर्जत स्टेशनाची आठवण दिली. पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना तिथे मागून बँकर इंजिनं जोडतात, कारण पुढे भोर घाटात ३७ ला १ असा चढ आहे. त्याच स्टेशनातून सुटणाऱ्या खोपोली लोकलला बँकर कुणी जोडत नाही, आणि त्यात लोकलचा काही कमीपणाही नाही. त्याने आय-फाइव्ह घेतला. वाचलेल्या पैशांतून मेमरी वाढवली, चांगला यूपीएस घेतला आणि फोटोंची दुसरी प्रत ठेवायला वेगळी डिस्क घेतली. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते तेव्हा कुठल्याच कुळाचा प्रोसेसर फोटो वाचवू शकत नाही.

सर्व्हरचं स्वतःचं घर कसं असतं ते पाहायला लांब जायला नको. शेजारच्या पनवेल तालुक्यात २०२० मध्ये योट्टा या कंपनीचं मोठं डेटा सेंटर सुरू झालं. तिथे थंडावा चोवीस तास आहे, विजेला पर्याय आहेत, हजारो लोकांची कामं एका वेळी चालू आहेत. कमी वेगाचे पण भरपूर कोअर, मेमरीचे आठ-बारा मार्ग आणि डिस्क व कार्डांसाठी भरपूर जोडण्या यांचं चीज अशाच ठिकाणी होतं.

आणि तरी एक जागा अशी आहे, जिथे मी छोट्या गावातही साध्या डेस्कटॉपवर भागवा असं म्हणणार नाही: जिथे दुसऱ्यांची नोंद ठेवली जाते. पतसंस्थेची खाती, दवाखान्यातल्या रुग्णांचे कागद, दूध संस्थेचा हिशेब. तिथे कामाचा भार थोडा असतो, सहा कोअरही पुष्कळ होतात. पण एक बिट उलटून ठेवीचा आकडा बदलला तर ज्याचं नुकसान होतं त्या माणसाला प्रोसेसर निवडताना कुणी विचारलेलं नसतं. ईसीसी चालणारा डेस्कटॉप बोर्ड आता मिळतो, छोटा झिऑनही मिळतो. अशा ठिकाणच्या खरेदीवर सही करणाऱ्याने कोअर किती आणि नाव कोणतं हे नंतर पाहावं. आधी कोटेशनमध्ये ‘ईसीसी’ ही तीन अक्षरं शोधावीत, आणि ती नसतील तर कागद परत पाठवावा.