बेडफर्डशायर: मासे पकडायला बांधलेली बोट आणि समुद्राच्या तळाशी असलेली कबर

बुडालेलं जहाज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थेट टायटॅनिक येतं. म्हणजे भलं मोठं जहाज, झुंबरं, श्रीमंत प्रवासी वगैरे. आजची गोष्ट मात्र जेमतेम १६२ फूट लांबीच्या, कोळशावर चालणाऱ्या एका मासेमारी बोटीची आहे. तिचं नाव बेडफर्डशायर.

आधी वाफेचा ट्रॉलर म्हणजे काय ते सांगतो. ट्रॉल म्हणजे समुद्राच्या तळावरून ओढायचं पिशवीसारखं जाळं. ते ओढायला ताकद लागते. शिडाची बोट वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की जाळं जागच्या जागी. मग १८८१ मध्ये इंग्लंडच्या ग्रिम्सबी बंदरात 'झोडिअ‍ॅक' नावाचा वाफेचा ट्रॉलर आला आणि धंदाच बदलला. बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा, त्या वाफेवर इंजिन चालणार आणि त्याच वाफेवर जाळं वर ओढणारं विंचही फिरणार. बोटी लांब जाऊ लागल्या, पार बर्फाळ उत्तर समुद्रापर्यंत. आपल्याकडेही मुंबई सरकारने १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' या वाफेच्या ट्रॉलरने समुद्रात मासळीची पाहणी केली होती.

बेडफर्डशायर १९३५ मध्ये बांधली गेली ती याच उत्तरेकडच्या मासेमारीसाठी, ग्रिम्सबीच्या मालकांकरता. पण १९३९ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध तोंडावर आलेलं असताना, ब्रिटिश नौदलाने ती विकत घेतली. तुम्ही म्हणाल, नौदलाला मच्छीमार बोट कशाला हवी? कारण सरळ आहे. खवळलेल्या थंड समुद्रात दिवसेंदिवस टिकणारी मजबूत बोट त्यांना तयार मिळत होती, आणि अशा बोटी चालवणारी माणसंही मिळत होती. पाण्यातून जड दोर आणि जाळी ओढण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना सुरुंग साफ करायचं काम नवीन वाटत नाही. अशा बोटींचं एक वेगळं दलच होतं, रॉयल नेव्हल पेट्रोल सर्व्हिस.

बेडफर्डशायरवर तोफ बसवली. पाणबुडीचा माग काढणारं आस्डिक, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालणारं यंत्र, बसवलं. जाळ्यांच्या जागी पिंपासारखे डेप्थ चार्ज आले. हे बॉम्ब पाण्यात टाकायचे आणि ते ठरवलेल्या खोलीवर जाऊन फुटणार. नाव झालं एचएमटी बेडफर्डशायर. टी म्हणजे ट्रॉलर. युद्धात गेली तरी तिची जात नावात राहिली.

आता गोष्ट अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाते. १९४२ च्या जानेवारीत जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन धडकल्या. अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती. किनाऱ्यावरच्या शहरांचे दिवे चालूच होते आणि त्या उजेडासमोर जाणारी जहाजं पाणबुड्यांना स्पष्ट दिसत होती. नॉर्थ कॅरोलायनाचा किनारा सगळ्यात वाईट. तिथे केप हॅटरसला वळसा घालून जहाजांना जावं लागतं आणि खोल पाणी किनाऱ्यापासून फार लांब नाही, म्हणजे पाणबुडीला लपायला सोयीचं. खलाशी त्या भागाला 'टॉर्पेडो जंक्शन' म्हणू लागले.

अमेरिकेकडे गस्तीच्या बोटी पुरेशा नव्हत्या. म्हणून ब्रिटनने आपले २४ ट्रॉलर मदतीला पाठवले. त्यातली एक बेडफर्डशायर. मला इथे गंमत नाही, काळजी वाटते. ट्रॉलरचा वेग १२ नॉट्सच्या आसपास. पाण्याच्या वर आलेली जर्मन पाणबुडी १७ नॉट्सने पळायची. म्हणजे शिकारी ज्याच्या मागे लागलाय, तो त्याच्यापेक्षा वेगवान!

११ मे १९४२ ची रात्र. यू-५५८ या पाणबुडीने बेडफर्डशायरवर टॉर्पेडो सोडले. आधीचे चुकले. पुढचा बरोबर लागला. बोटीवरचे सगळेच्या सगळे, ३७ जण, गेले. मदतीचा संदेशही गेला नाही. एक स्टोकर, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा, त्या फेरीला बोट चुकल्यामुळे वाचला.

बोट बुडाली हे किनाऱ्यावर कुणाला कळलंच नव्हतं. कळलं ते १४ मे रोजी, ओक्राकोक बेटावर दोन मृतदेह वाहून आले तेव्हा. ओळख पटवायला आले एकॉक ब्राऊन, अमेरिकन नौदलासाठी काम करणारे नागरिक. त्यांनी एक चेहरा लगेच ओळखला. तो होता सब-लेफ्टनंट थॉमस कनिंगहॅम. काही आठवड्यांपूर्वीच ब्राऊन त्यांना भेटले होते. दुसऱ्या एका बुडालेल्या ब्रिटिश जहाजाच्या खलाशांना दफन करायचं होतं आणि शवपेटीवर घालायला ब्रिटिश झेंडे हवे होते. ते कनिंगहॅमनी दिले होते. त्यातलाच झेंडा आता त्यांच्या स्वतःच्या पेटीवर घातला गेला.

दुसरे होते टेलिग्राफिस्ट स्टॅनली क्रेग. नंतर आणखी दोन मृतदेह आले, त्यांची नावं कळली नाहीत. या चौघांसाठी बेटावरच्या लोकांनी जागा दिली. आज त्या छोट्या कुंपणातल्या कबरी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे आहेत आणि दर मे महिन्यात तिथे मानवंदना होते.

आणि बोट? ती १९८० मध्ये सापडली. साधारण १०५ फूट खाली, म्हणजे दहा मजली इमारतीएवढ्या खोलीवर. ती अख्खी उभी असेल असं समजू नका. पोलादाचे पत्रे गंजतात, वादळं त्यांना हलवतात, बाजू कोसळतात आणि उरतात ते विखुरलेले तुकडे. वाफेच्या जहाजांत बहुतेक वेळा सगळ्यात जास्त टिकतो तो बॉयलर, कारण वाफेचा दाब सोसायला त्याचे पत्रे मुळातच जाड केलेले असतात. मग माशांना तिथे आडोसा मिळतो. जी बोट मासे पकडायला बांधली, तिच्या अवशेषांत आता मासे घर करून राहतात.

ही जागा डायव्हिंगच्या आवाक्यात आहे, आणि खरा प्रश्न इथेच येतो. खाली गेलेल्या माणसाला एखादी पितळी वस्तू दिसली, तर ती आठवण म्हणून उचलायची का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. बेटावर चारच कबरी आहेत. बाकीच्या बहुतेकांची कबर म्हणजे ती बोटच. बेटावरच्या कबरीवरचा दगड आपण घरी नेणार नाही, मग पाण्याखालचा तुकडा का न्यायचा? २००९ मध्ये अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी संस्थेच्या संशोधकांनी या जागेची पाहणी केली. २०१५ मध्ये ती अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आली. फोटो काढा, मापं घ्या, गोष्ट सांगा. वस्तू मात्र तिथेच राहू दे.

जाता जाता, यू-५५८ चं काय झालं? जुलै १९४३ मध्ये स्पेनच्या उत्तरेला विमानहल्ल्यात तीही बुडाली. पाच जण वाचले. बाकीचे तिच्याबरोबरच तळाशी गेले. तीही एक कबरच आहे, आणि नियम तिलाही तोच लागू.