मरिनर ४

मंगळाची जवळून घेतलेली छायाचित्रे पृथ्वीवर पाठविणारे पहिले अवकाशयान. नासासाठी ते कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने बांधले आणि २८ नोव्हेंबर १९६४ रोजी फ्लॉरिडातून ॲटलस-अजेना अग्निबाणाने सोडले. तीनच आठवड्यांपूर्वी त्याचे जुळे यान मरिनर ३ वाया गेले होते. टोकावरचे फायबरग्लासचे आवरण सुटलेच नाही, त्यामुळे सौर पंख मिटलेलेच राहिले आणि बॅटरी संपताच यान मुके झाले. मंगळाकडे निघण्याची संधी साधारण २६ महिन्यांनी एकदा येते. ती हुकू नये म्हणून अभियंत्यांनी मधल्या दिवसांत धातूचे नवे आवरण घडविले. मोहिमेच्या यशाचे मोठे श्रेय या तीन आठवड्यांच्या कामाला आहे.

यानाचे वस्तुमान सुमारे २६१ किग्रॅ. होते. दिशा सांभाळण्यासाठी ते सूर्य आणि अगस्त्य तारा यांचा वेध घेई. वाटेत अगस्त्य सुटून वेधक भलत्याच ताऱ्यावर स्थिरावण्याचे प्रकार घडले, पण दर वेळी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ते सावरण्यात आले. १४-१५ जुलै १९६५ च्या रात्री यान मंगळापासून ९,८४६ किमी. अंतरावरून गेले. कॅमेऱ्याने २१ पूर्ण चित्रे आणि बाविसाव्याचा थोडा भाग टिपला. एका चित्रात २०० ओळी, ओळीत २०० ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याला उजेडाच्या ६४ छटांपैकी एका छटेचा आकडा अशी मांडणी होती. हे आकडे टेपवर साठवून सेकंदाला जेमतेम ८ बिट या गतीने पाठविले जात. एक चित्र यायला आठ तासांहून अधिक वेळ लागे. टेपरेकॉर्डर नीट चालला की नाही, याची धाकधूक होतीच. तेव्हा संगणकाकडून चित्र तयार होण्याची वाट न पाहता अभियंत्यांनी आकड्यांच्या कागदी पट्ट्या शेजारीशेजारी लावून रंगीत खडूंनी आकड्यांप्रमाणे रंगविल्या. मंगळाचे जवळून घेतलेले पहिले चित्र असे हाताने उमटले. ते प्रयोगशाळेने आजही जपले आहे.

चित्रांत विवरेच विवरे दिसली. पर्सिव्हल लोवेलने लोकप्रिय केलेल्या कालव्यांचा मागमूस नव्हता. अकराव्या चित्रातील ठळक विवराला पुढे मरिनर हे नाव मिळाले.

गाजावाजा चित्रांचा झाला, पण अधिक दूरगामी ठरला तो रेडिओ लहरींचा प्रयोग. यान मंगळाच्या मागे जाताना आणि पुन्हा बाहेर येताना त्याच्या लहरी तिथल्या वातावरणातून आल्या. त्यांत पडलेल्या सूक्ष्म फरकावरून पृष्ठभागावरील दाब सुमारे ४ ते ७ मिलिबार, म्हणजे पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी निघाला. त्याआधी कित्येक वर्षे ८५ मिलिबारचा अंदाज प्रचलित होता आणि नंतरचे सुधारित अंदाजही या मापाहून बरेच जास्त होते. एवढ्या विरळ हवेत निव्वळ पॅराशूटवर यान उतरविणे अशक्य होते. १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग यानांना शेवटच्या टप्प्यात रॉकेटांचा आधार घ्यावा लागला. मंगळाला पृथ्वीसारखे जोरकस चुंबकीय क्षेत्र नाही, हेही याच भेटीत कळले.

यानाशी संपर्क २१ डिसेंबर १९६७ रोजी संपला. त्याच्या चित्रांत ग्रहाचा जेमतेम एक टक्का भाग आला होता आणि तोही जुन्या, विवरांनी भरलेल्या प्रदेशातला. त्यावरून मंगळ चंद्रासारखा मृत असल्याचा निष्कर्ष अनेकांनी घाईने काढला. १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या मरिनर ९ ने प्रचंड ज्वालामुखी, दऱ्या आणि कोरडी नदीपात्रे दाखवून तो मोडीत काढला.