नारी सुवर्णा

जुळी कोकरे देणारी मेंढीची जात. सातारा जिल्ह्यातील फलटणला, बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत (‘नारी’) ती तयार झाली.

दख्खनी मेंढी काटक. दिवाळीनंतर धनगरांबरोबर घाट उतरून ती कोकणात येते आणि कापणी झालेल्या भातखाचरांत बसते. पण वेताला तिला बहुधा एकच कोकरू होते. सुंदरबनातील गारोल मेंढी अंगाने अगदी लहान, तरी दोन-तीन कोकरे देते. १७९०च्या दशकात बंगालमधून मेंढ्या ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या बुरूला मेरिनोतील जुळ्या-तिळ्यांचे मूळ त्यांच्यातच असल्याचे मानतात. या गुणाचे जनुक, ‘फेक-बी’, २००१ मध्ये नेमके सापडले. एका प्रथिनात २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येते, आणि मेंढी एका माजाला जास्त बीजांडे सोडते.

फलटणला डॉ. चंदा निंबकर आणि सहकाऱ्यांनी गारोलचा दख्खनीशी संकर केला. पहिल्या पिढीची अंगलट लहान भरली. म्हणून संकरित जनावरे पुन्हा पुन्हा दख्खनीशीच जुळवली. दर पिढीला गारोलचा वाटा निम्मा होत गेला. इस्रायलच्या आवासी मेंढीचे रक्तही काही प्रमाणात आणले. अडचण अशी की, या वाटेत हवे ते जनुकही निम्म्या कोकरांतून गळते, आणि मेंढ्याकडे पाहून ते कळत नाही. इथे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे सहकार्य मोलाचे ठरले: रक्ताच्या तपासणीवरून पैदाशीची कोकरे निवडता आली. एका गुणासाठी दख्खनीचा काटकपणा गमावायचा नाही, हा या कामातील सर्वांत शहाणा निर्णय होय.

ही जनुकीय अभियांत्रिकी नव्हे. २००२ मध्ये लागवडीची परवानगी मिळालेल्या बीटी कापसात जिवाणूचे जनुक प्रयोगशाळेत घातलेले असते. इथे प्रयोगशाळेने जनुक फक्त ओळखले. ते पुढे गेले मेंढ्या-मेंढीच्या संगातूनच.

जुळी जगवायची तर गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यात आणि पाजत्या काळात मेंढीला खुराक हवाच, नाहीतर दूध पुरत नाही. भटक्या वाड्याला हे जड जाते. घराजवळ चारणाऱ्याला सोपे. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. जुळी मात्र त्याच्या लेकी विऊ लागल्यावरच दिसतात.